आर्थर लो

लो, आर्थर (२२ सप्टेंबर १९१५ – १५ एप्रिल १९८२) : इंग्रज चरित्र अभिनेते. बीबीसीच्या ‘डॅड्स आर्मी’ या विनोदी मालिकेतील कॅप्टन मॅनरिंगच्या भूमिकेमुळे ते ब्रिटनमध्ये घरोघरी पोहोचले. ही भूमिका मिळाली तेव्हा वयाची बावन्न वर्षे उलटून गेली होती आणि रंगभूमीवर वीस-बावीस वर्षांची उमेदवारी झाली होती. बुटका बांधा, गोल चेहरा, चष्मा आणि विरळ केस हे नायकाचे भांडवल नव्हेच. लो यांनी मात्र त्याच्यावरच आयुष्यभराचा संसार केला.

त्यांचा जन्म डर्बीशरमधील हेफील्डचा, बालपण मँचेस्टरच्या लेव्हनशूम भागातले. वडील रेल्वेत होते. मुलाला व्यापारी जहाजावर जायचे होते, पण नजर अधू असल्याने ते साधले नाही. पुढे ते लष्करात गेले आणि युद्धकाळात मध्यपूर्वेत असताना सैनिकांच्या करमणुकीसाठी होणाऱ्या नाटकांत त्यांना आपला धंदा सापडला. १९४५ मध्ये मँचेस्टरच्या एका रेपर्टरी मंडळीत ते व्यावसायिक नट झाले. रेपर्टरीत ठरलेले कलावंत एकाच नाट्यगृहात ठरावीक मुदतीने नवे नाटक लावत. संध्याकाळी चालू नाटकाचा प्रयोग, दिवसा पुढच्याची तालीम. आज वकील, पुढल्या खेपेला खानसामा, मग पाद्री. चालण्यातल्या किंवा टोपी घालण्यातल्या एखाद्या लकबीवर माणूस उभा करायची सवय लो यांना याच घाण्यात लागली असणार. याच काळात जोन कूपर या अभिनेत्रीशी ओळख झाली आणि १९४८ मध्ये त्यांनी लग्न केले. ‘काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स’ (१९४९) या गाजलेल्या चित्रपटाच्या अगदी शेवटी दिसणारा वार्ताहर लोच आहेत.

दूरचित्रवाणीवर नाव झाले ते बीबीसीच्या प्रतिस्पर्धी आयटीव्ही वाहिनीवरील ‘कॉरोनेशन स्ट्रीट’ या मालिकेमुळे. त्यात १९६० ते १९६५ या काळात त्यांनी लेनर्ड स्विंडली हा कपड्यांच्या दुकानाचा व्यवस्थापक रंगवला : प्रार्थनामंदिरात प्रवचने देणारा, शिष्टाचाराला जपणारा आणि ऐन लग्नाच्या दिवशी वधूने नकार दिलेला. पात्र इतके आवडले की त्याच्यासाठी ‘पार्डन द एक्स्प्रेशन’ ही स्वतंत्र मालिका निघाली. मॅनरिंगचा कच्चा खर्डा स्विंडलीत स्पष्ट दिसतो.

जिमी पेरी आणि डेव्हिड क्रॉफ्ट यांची ‘डॅड्स आर्मी’ ३१ जुलै १९६८ रोजी सुरू झाली आणि १९७७ पर्यंत तिचे ८० भाग झाले. विषय होता दुसऱ्या महायुद्धातला होम गार्ड, म्हणजे वयाने किंवा अन्य कारणाने सैन्यात न गेलेल्यांचे स्थानिक दल. वॉल्मिंग्टन-ऑन-सी या काल्पनिक किनारी गावातल्या बँकेचा मॅनेजर मॅनरिंग स्वतःच दलाचा कप्तान होऊन बसतो. भूमिकेसाठी लो ही पहिली पसंती नव्हती. बीबीसीत काहीजणांना ते आयटीव्हीचे नट म्हणून परके वाटत होते.

मालिकेचा सगळा विनोद एका उलट्या उतरंडीवर उभा आहे. मॅनरिंग साध्या घरातून कष्टाने वर आलेला. त्याच्या हाताखालचा सार्जंट विल्सन (जॉन ल मेझुरिए) मात्र उच्चभ्रू शाळेत शिकलेला आणि जन्मजात ऐटीचा. बँकेत मॅनरिंग साहेब, दलात मॅनरिंग साहेब, तरी विल्सनने नुसते ‘असं करणं शहाणपणाचं ठरेल का, सर?’ म्हटले की त्याचा तोल जातो. इंग्लंडातला वर्गभेद इतक्या कमी शब्दांत क्वचितच कुणी दाखवला असेल. लो यांचे खरे काम संवाद संपल्यावर सुरू होते. टोपी तिरकी झालेली, चष्मा नाकावर घसरलेला, आणि अपमान गिळून आब सावरेपर्यंतचा तो क्षणभराचा थांबा. ‘मी गमतीदार आहे’ असे ते प्रेक्षकाला कधीच सुचवत नाहीत.

१९७३ च्या ‘द डेडली अटॅचमेंट’ या भागातला प्रसंग आजही ब्रिटनमध्ये सांगितला जातो. पकडलेला जर्मन पाणबुडीचा कप्तान, युद्ध जिंकल्यावर धडा शिकवण्यासाठी, अपमान करणाऱ्यांची नावे टिपून ठेवतो आहे. दलातला पोरगेला पाईक हिटलरची टर उडवणारे गाणे म्हणतो. कप्तान त्याला नाव विचारतो आणि मॅनरिंग तत्परतेने ओरडतो, ‘सांगू नकोस, पाईक!’ वाक्य मोजक्या शब्दांचे. लो ते खऱ्या काळजीने म्हणतात, म्हणून हशा फुटतो.

पात्राचा ताठा काही अंशी नटाचाच होता. संहिता घरी नेऊन पाठ करायला ते नाखूश असत. पडद्यावर आपली विजार उतरवली जाणार नाही, अशी अट त्यांनी घातल्याचे सहकारी सांगत. वरच्याच भागात विजारीत हातबॉम्ब अडकवण्याचा प्रसंग दलातल्या कॉर्पोरल जोन्सच्या वाट्याला गेला, तो त्यामुळेच. लेखकही हुशार : नटाच्या अशा खोडी ते पात्रात उतरवत राहिले. १९७५ च्या नाताळातील ‘माय ब्रदर अँड आय’ या खास भागात लो यांनी मॅनरिंग आणि त्याचा दारुडा भाऊ अशा दोन्ही भूमिका केल्या. इतर भागांत दाबून ठेवलेली घरची लाज तिथे दारात येऊन उभी राहते.

विनोदी नट हा शिक्का त्यांच्यावर अन्यायकारक आहे. नाटककार जॉन ऑस्बोर्न यांच्या ‘इनॅडमिसिबल एव्हिडन्स’च्या १९६४ च्या प्रयोगात ते होते. दिग्दर्शक लिंडसे अँडरसन यांनी त्यांना ‘धिस स्पोर्टिंग लाइफ’, ‘इफ’ आणि ‘ओ लकी मॅन!’ या चित्रपटांत घेतले. शेवटच्यासाठी त्यांना सहायक अभिनेत्याचा बाफ्टा हा ब्रिटिश चित्रपट पुरस्कार मिळाला. ‘द रूलिंग क्लास’ (१९७२) मधला त्यांचा दारुडा, बंडखोर बटलर तर मॅनरिंगच्या पार दुसऱ्या टोकाचा आहे. १९७४ मध्ये नॅशनल थिएटरने केलेल्या शेक्सपिअरच्या ‘द टेम्पेस्ट’मध्ये जॉन गिलगुड यांच्यासोबत त्यांनी स्टेफॅनो हा दारुडा खानसामा केला. त्याच सुमारास ‘मिस्टर मेन’ या बालकार्टूनांना दिलेला आवाज ऐकत एक अख्खी पिढी वाढली.

‘डॅड्स आर्मी’नंतर ‘ब्लेस मी, फादर’मधला बेरकी आयरिश पाद्री आणि ‘पॉटर’मधला निवृत्त, लुडबुड्या गृहस्थ ही कामे त्यांनी केली, पैकी पाद्री अधिक जमला. झोप अनावर होण्याच्या विकाराने त्यांना उत्तरायुष्यात ग्रासले होते, तरी दौरे थांबले नाहीत. एप्रिल १९८२ मध्ये बर्मिंगहॅमच्या अलेक्झांड्रा थिएटरमध्ये ‘होम अॅट सेव्हन’च्या प्रयोगाआधी ते रंगपटात कोसळले आणि पहाटे मरण पावले. त्या नाटकात जोन कूपरही होत्या. शाळामास्तराची भूमिका असलेली ‘ए. जे. वेंटवर्थ, बी.ए.’ ही त्यांची शेवटची मालिका त्याच वर्षी, त्यांच्या पश्चात प्रसारित झाली.