केव्हीएम स्विच न्यायला येताय? आधी सीपीयूच्या मागच्या बाजूचा फोटो काढा

कोल्हापूरच्या उद्यमनगरातली कारखान्यांची ऑफिसं, लक्ष्मीपुरीतले व्यापारी, करसल्लागार अशा आमच्या बऱ्याच ग्राहकांच्या टेबलावर आता दोन सीपीयू असतात. एकावर टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, त्याला मुद्दाम इंटरनेट दिलेलं नसतं. दुसऱ्यावर जीएसटी, मेल, बँक. दोन मॉनिटर आणि दोन कीबोर्ड मांडले की बिलबुक उघडायलाही जागा उरत नाही. तिथे केव्हीएम स्विच कामाला येतो. बटण दाबलं की तोच मॉनिटर, कीबोर्ड, माऊस दुसऱ्या सीपीयूला लागतो आणि पहिल्यावरचं काम चालूच राहतं. या स्विचने दोन मशीन एकमेकांना जोडली जात नाहीत. फाइल इकडून तिकडे जाणार नाही, त्यामुळे टॅलीचं मशीन इंटरनेटपासून लांबच राहतं.

‘स्क्रीन येत नाही, स्विच परत घ्या’ म्हणून आमच्याकडे जे येतात, त्यांतल्या बहुतेकांचा स्विच ठणठणीत असतो. चूक कन्व्हर्टरची असते.

जुन्या सीपीयूला मागे मॉनिटरसाठी फक्त निळं, १५ पिनांचं व्हीजीएचं तोंड असतं. स्विच आणि मॉनिटर नव्या, एचडीएमआयच्या तोंडाचे. मग वाटेत कुठूनतरी ‘एचडीएमआय टू व्हीजीए’ घेतला जातो. व्हीजीएची वायर लावली की सगळी तोंडं बरोबर बसतात, पण स्क्रीन काळीच राहते. व्हीजीएचा सिग्नल अॅनालॉग, एचडीएमआयचा डिजिटल. एकाचं दुसरं करणारी चिप कन्व्हर्टरच्या आत असते आणि ती एकाच दिशेने चालते. सीपीयूतून जे निघतं त्याचं नाव आधी आलं पाहिजे, म्हणजे इथे ‘व्हीजीए टू एचडीएमआय’. हा हातात घेतला की कळतो: व्हीजीएच्या तोंडाला पिना बाहेर दिसतात आणि बाजूने यूएसबीची बारीक वायर निघते. ती वायर सीपीयूत लावायचीच, चिपला वीज तिथूनच मिळते.

फोनवर ‘एचडीएमआयच आहे’ असं सांगितलं जातं आणि निघतं डिस्प्ले पोर्ट, हेही नेहमीचं. डिस्प्ले पोर्टचा एकच कोपरा कापलेला असतो, एचडीएमआय खालच्या दोन्ही बाजूंनी निमुळतं. म्हणून फोटो पाहिल्याशिवाय आम्ही स्विच देत नाही. काहींना हा वेळकाढूपणा वाटतो. पण दोन मिनिटांच्या फोटोने गोकुळ शिरगावहून दुसरा हेलपाटा वाचतो.

स्क्रीन आली पण कीबोर्ड चालत नाही, तर यूएसबी वायर बघा. स्विचकडून प्रत्येक सीपीयूला चित्राची एक आणि यूएसबीची एक अशा दोन वायरी जातात. नुसता ‘एचडीएमआय स्विच’ स्वस्त मिळतो, पण त्यात कीबोर्ड-माऊसची सोयच नसते.

कास्टिंगची ड्रॉइंग करणाऱ्यांनी फोर-के मॉनिटर असेल तर एचडीएमआय २.० चा स्विच घ्यावा. १.४ वर फोर-के सेकंदाला ३० फ्रेमच देतं आणि माऊस ओढत नेल्यासारखा वाटतो. टॅलीसाठी हा खर्च करू नका. मशीन बदललं की उघड्या खिडक्या आणि आयकॉन विस्कटतात, अशी तक्रार असेल तर ईडीआयडी, म्हणजे मॉनिटरची ओळख, सांभाळणारा स्विच मागा. मॉनिटर जागेवरच आहे असं तो दोन्ही सीपीयूंना सांगत राहतो. थोडा महाग पडतो, पण दिवसातून वीस वेळा मशीन बदलणाऱ्याने तोच घ्यावा.

बऱ्याच स्विचवर स्क्रोल लॉक दोनदा दाबूनही मशीन बदलतं. तुमच्या कीबोर्डवर ते बटण नसेल तर आधी सांगा. वायरलेस कीबोर्ड असेल तर त्याचा डोंगल सोबत आणा. काही स्विच तो कीबोर्डच्या पोर्टात ओळखत नाहीत, म्हणून आम्ही काउंटरवरच लावून बघतो.

केबल आमच्याकडूनच घ्या असा आग्रह नाही. तुमची चांगली असेल तर तीच लावून, दोन्ही मशीनवर स्क्रीन आणि कीबोर्ड दाखवूनच स्विच हातात देतो. सीपीयू आणता आला तर उत्तम, नाहीतर दोन्ही सीपीयूंचे आणि मॉनिटरचा असे मागच्या बाजूचे तीन फोटो मोबाईलमध्ये असू द्या.