कृमिसंसर्ग आणि श्वसनमार्गाचे विषाणुजन्य आजार

पोटात जंत असतील, तर फ्लू किंवा कोविड-१९ सारखा आजार शरीराला वेगळ्या तीव्रतेने होऊ शकतो, कारण जंत प्रतिकारयंत्रणेचा कलच बदलतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार मातीतून पसरणाऱ्या कृमींची बाधा सुमारे १५० कोटी लोकांना आहे.

विषाणू पेशीत शिरतो, म्हणून शरीर इंटरफेरॉन (विषाणूंना रोखणारी प्रथिने) आणि बाधित पेशी मारणाऱ्या टी पेशी कामाला लावते. जंत पेशीहून कितीतरी मोठा. प्रतिकारपेशींना त्याला गिळता येत नाही, हुसकावावेच लागते. त्यासाठी इंटरल्यूकिन-४, ५ व १३ ही संदेशवाहक प्रथिने, इओसिनोफिल या पांढऱ्या रक्तपेशी आणि भरपूर श्लेष्मा लागतो. हे दोन प्रतिसाद एकमेकांना दाबतात. शिवाय वर्षानुवर्षे टिकून राहण्यासाठी जंत नियामक टी पेशी वाढवून सारा दाहच (प्रतिकारयंत्रणेची सूज आणणारी प्रतिक्रिया) मंदावतात. एवढ्यावरून जंत असलेल्या माणसाला विषाणू अधिक छळेल असे वाटते. प्रयोगांतले चित्र मात्र इतके सरळ नाही.

उंदरांच्या आतड्यातच राहणाऱ्या एका कृमीमुळे त्यांच्या फुप्फुसांत इंटरफेरॉन वाढले आणि आरएसव्ही या श्वसनमार्गाच्या विषाणूपासून संरक्षण मिळाले (२०१७). शरीरात जीवाणूच नसतील अशा रीतीने वाढवलेल्या उंदरांत हा लाभ दिसला नाही, म्हणजे आतड्यातले जीवाणूही यात भागीदार होते. फुप्फुसांतून प्रवास करणाऱ्या दुसऱ्या एका कृमीने उंदरांना तीव्र कोविडपासून वाचवले. उलट, एका फायलेरिया (हत्तीरोगाच्या कृमींच्या गटातल्या) कृमीची बाधा झालेल्या उंदरांत इन्फ्लुएंझाची लस कमी परिणामकारक ठरली, बाधा संपल्यावरही. लसीकरणाच्या दृष्टीने हा निष्कर्ष मला सर्वांत गंभीर वाटतो.

माणसांतला पुरावा तोकडा आहे. इथिओपियात ७५१ कोविड रुग्णांच्या पाहणीत परजीवी असलेल्यांमध्ये तीव्र आजाराचे प्रमाण बरेच कमी आढळले. पण अशा निरीक्षणावरून परजीवींमुळेच आजार सौम्य राहिला असे सिद्ध होत नाही, आणि जंतांमुळे होणारा रक्तक्षय व कुपोषण यांची किंमत तर मोजावी लागतेच.

स्ट्राँगिलॉइडिस या कृमीचा धोका उपचारातून उद्भवतो. तो शरीरातल्या शरीरात पुन्हा पुन्हा बाधा करत दशकानुदशके लपून राहतो. कोविडमध्ये दाह कमी करण्यासाठी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिले, की त्याच्यावरचा अंकुश सुटून अळ्या शरीरभर पसरू शकतात. सोबत आतड्यातले जीवाणू रक्तात जातात आणि रुग्ण दगावू शकतो. म्हणून या कृमीचा प्रादुर्भाव असलेल्या भागांत राहिलेल्या रुग्णाला स्टेरॉइड देताना आधी तपासणी करावी किंवा सोबत आयव्हरमेक्टिन हे कृमिनाशक द्यावे, असा सल्ला तज्ज्ञांनी दिला. हे औषध इथे विषाणूवर नव्हे, कृमीवर असते.