चोर कोण नाही, ते आधी शोधा

घोडबंदर रोडवरच्या एखाद्या सोसायटीचं क्लबहाउस घ्या, कॅरम स्पर्धेची ट्रॉफी टेबलावरून गायब झालीय असं जाहीर करा, चार संशयित ठरवा आणि पाचवी-सहावीच्या पोरांना आत सोडा. दोन मिनिटांत कुणीतरी ओरडणारच, "मला माहितीय कोणी केलं!" पुरावा काय, तर काही नाही, एकाचा चेहरा 'तसा' वाटला. (संशयितांमध्ये वॉचमनकाका आणि कामाच्या मावशी ठेवू नका प्लीज. मुलं पहिलं बोट तिकडेच दाखवतात आणि ते कुठून शिकली हे आपल्याला चांगलंच माहितीय.)

असे मिस्टरी गेम हल्ली सुट्टीत बरेच जण घेतात, ब्रश-पावडरचे रेडीमेड किट पण मिळतात, पण बहुतेक ठिकाणी एक ठसा जुळला की चोर सापडला, टाळ्या, खाऊ, घरी. खऱ्या लॅबमध्ये इतकं सोपं नसतं. तिथे 'हा नाही' असं बरेचदा ठामपणे सांगता येतं, 'हाच' म्हणायचं तर खूप जास्त काम लागतं. गेम रचताना हेच डोक्यात ठेवायचं.

माझा आवडता पुरावा म्हणजे टेबलावर सांडलेली पांढरी पावडर. एका संशयिताने केक केलाय म्हणून मैदा, दुसऱ्याकडे खायचा सोडा, तिसऱ्याकडे कॅरमची पावडर. आता औषधाच्या डब्यातलं बेटाडिन पाण्यात पातळ करून थेंब टाका, मैदा निळा-काळा पडतो कारण त्यातल्या स्टार्चच्या वेटोळ्या साखळीत आयोडीन जाऊन बसतं. सोड्यावर लिंबू पिळलं की फसफसतो, तो कार्बन डायऑक्साइड. टेबलावरची पावडर मात्र दोन्हीला ढिम्म. "म्हणजे कॅरम पावडरच!" थांबा, टाल्कम पावडरही ढिम्मच राहते. सिद्ध एवढंच झालं की मैदा नाही आणि सोडा नाही. (पावडरी आधी घरी तपासून घ्या, काहींमध्ये स्टार्च मिसळलेला असतो. आणि कॅरमची पावडर बरेचदा बोरिक अ‍ॅसिडची असते, तेव्हा चाखून बघणं बंद, नंतर हात धुवायचे.)

ठशांचंही तसंच. काचेच्या ग्लासवर पेन्सिलच्या शिशाची पूड मऊ ब्रशने फिरवली आणि सेलोटेपने उचलली की रेषा दिसतात. तळहाताला तेलग्रंथी नसतातच, ठशातलं तेल आपण नाकाला-केसांना हात लावतो तिथून येतं, म्हणून आधी नाकाला बोट लावलेला ठसा छान उठतो. आजीला विचारा, ती बोटांवरचे शंख-चक्र मोजून भविष्य सांगेल, ते सोडा, पण बघायची सवय चांगली आहे. लूप म्हणजे साधारण आपला शंख, तो जवळपास 60 ते 65 टक्के बोटांवर असतो, मग ग्लासवर लूप मिळाला तर चारपैकी तिघं तसेच राहणार आणि फक्त चक्रवाला सुटणार! पुढे जायचं तर रेष कुठे फुटते, कुठे संपते ते भिंगाने बघत बसावं लागतं. ठशांच्या वर्गीकरणाचं हे काम आपल्याच देशात उभं राहिलंय. 1897 मध्ये कोलकात्यात ठशांचं ब्युरो सुरू झालं, आणि ज्या पद्धतीला एडवर्ड हेन्री या इंग्रज अधिकाऱ्याचं नाव मिळालं तिचं गणित अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी बसवलं होतं.

पावसाळ्यात गेम घेत असाल तर चपलेचा चिखल सोडू नका. 1910 मध्ये फ्रान्समधल्या लिऑन शहरात पोलिसांसाठी लॅब सुरू करणारा एडमंड लोकार्ड म्हणायचा की दोन गोष्टी एकमेकींना लागल्या की एकीचं काहीतरी दुसरीवर राहतंच. खाडीकडचा चिखल आणि बाल्कनीतल्या कुंडीची माती वेगवेगळ्या बाटल्यांत पाण्यात हलवून ठेवा. खाडीची बारीक माती तासन् तास पाणी गढूळ ठेवते, कुंडीतलं कोकोपीट वर तरंगतं. ओला पुरावा कागदी पाकिटात ठेवायचा, प्लॅस्टिकमध्ये बुरशी धरते, आणि पाकिटावर कुणी उचलला, कधी, कुठून हे लिहायचं. मुलांना हे लिहिणं जाम बोअर होतं. पण 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत (फौजदारी तपास आणि खटले कसे चालवायचे त्याचा कायदा) 7 वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जायची तरतूद आहे, ती बऱ्याच अंशी अशा पाकिटांसाठीच, कारण नोंद नसलेला पुरावा कोर्टात टिकवणं फार अवघड.

थोड्या मोठ्या मुलांना डीएनएची गोष्ट सांगाच. 1984 मध्ये अ‍ॅलेक जेफ्रीज यांनी इंग्लंडमध्ये डीएनए फिंगरप्रिंटिंग शोधलं, आणि 1986 मध्ये तिथल्या एका खुनाच्या तपासात ते पहिल्यांदा वापरलं तेव्हा एका तरुणाने गुन्हा कबूल करून टाकलेला होता. डीएनएने सांगितलं, हा नाही! खरा गुन्हेगार नंतर सापडला.

शेवटी प्रत्येकाला एक कागद द्या, तीन रकाने: 'नाही', 'असू शकेल', 'सांगता येत नाही'. ज्याचा तिसरा रकाना कोरा असेल त्याला परत टेबलाकडे पाठवायचं.