पत्त्यांच्या खुणा दाखवणारी लेन्स: ‘इन्फ्रारेड’ हा घोळ आला कुठून

पत्त्यांच्या पाठीवरच्या छुप्या खुणा दाखवणाऱ्या कॉन्टॅक्ट लेन्सचा विषय निघाला की सगळे फ्रान्समधल्या कान (Cannes) शहरातल्या २०११ च्या केसवर येतात, मीही तिथूनच सुरू करतो कारण घोळही तिथेच पक्का झालाय. एक इटालियन गडी तिथल्या कसिनोत ऑगस्टमध्ये एका रात्रीत ७१,००० युरो जिंकून गेला, ऑक्टोबरमध्ये परत येऊन २१,००० घेऊन गेला. गेम स्टड पोकर, पोकरचा एक प्रकार, आणि डाव कसिनोच्या पत्ते वाटणाऱ्याविरुद्ध. सिक्युरिटीला जिंकण्याचं काही वाटलं नाही, जिंकणारे येतच असतात. खटकलं ते हे की हातात मस्त पानं असताना हा डाव सोडून द्यायचा, जणू पत्ते वाटणाऱ्याकडे काय आलंय ते त्याला दिसतंय. आणि दिसतच होतं. कसिनोतलीच माणसं फितूर होती, पत्त्यांच्या पाठीवर आधीच अदृश्य शाईच्या खुणा झालेल्या आणि याच्या डोळ्यात लेन्स. २०१३ मध्ये शिक्षा झाली, २ वर्षं तुरुंग आणि १ लाख युरो दंड. पण बातम्यांत शब्द गेला ‘इन्फ्रारेड कॉन्टॅक्ट लेन्स’, आणि तो जो चिकटला तो आजपर्यंत सुटलेला नाही.

आता यात गंमत काय आहे बघा. माणसाच्या डोळ्याला साधारण ७५० नॅनोमीटरच्या पुढचा प्रकाश, म्हणजेच इन्फ्रारेड, जवळजवळ दिसतच नाही. टीव्हीचा रिमोट डोळ्यासमोर धरून बटण दाबा, काही दिसणार नाही. तोच रिमोट मोबाईलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरला तर बऱ्याच फोनवर टोकाला जांभळट ठिपका लुकलुकतो. म्हणजे इन्फ्रारेड कॅमेऱ्याला कळतो, डोळ्याला नाही. आणि साधी रंगीत लेन्स प्रकाश फक्त अडवू शकते, न दिसणारा प्रकाश दिसणारा करून देऊ शकत नाही. मग अशी कुठलीही लेन्स डोळ्यावर चढवा, इन्फ्रारेड दिसणार कसा?

खरं काम फिल्टरचं आहे. शाईचा रंग पत्त्याच्या पाठीच्या रंगाशी इतका मिळताजुळता ठेवतात की नुसत्या डोळ्याला फरक कळत नाही. लेन्स बाकीचे रंग कापून टाकते आणि रंगांचा नेमका तो पट्टा सोडते जिथे शाई आणि छपाई वेगवेगळी वागतात, झालं, खूण उठून दिसते. लाल जिलेटिन कागद डोळ्यावर धरला की लाल अक्षरं पांढऱ्या कागदात विरून जातात आणि हिरवी काळी पडतात, हा खेळ लहानपणी कित्येकांनी केलाय. तेच हे.

मग ‘इन्फ्रारेड’ आलं कुठून? मला वाटतं शाईवरून. इन्फ्रारेड शोषणारी शाई खरीच असते आणि पत्त्यांवर वापरतातही, पण ती वाचायला कॅमेरा लागतो. फोनसारख्या दिसणाऱ्या खोक्यात छुपा कॅमेरा असतो, पत्त्यांच्या कडेला बारकोडसारख्या रेघा मारलेल्या असतात, पिसलेला कॅट समोर ठेवला की कुणाचा हात जिंकणार ते मशीन आधीच सांगतं. विकणारे दोन्ही वस्तू एकाच यादीत विकतात, त्यामुळे नावं एकमेकांत मिसळली असावीत. यूव्हीचंही, म्हणजे अतिनील प्रकाशाचंही, तसंच. यूव्ही शाई चमकायला वरून यूव्ही दिवा मारावा लागतो, नुसती लेन्स घालून ती पेटत नाही.

फिल्टरची युक्ती लेन्सपेक्षा बरीच जुनी आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत टपालाने माल पाठवणाऱ्या कंपन्यांच्या कॅटलॉगमध्ये खुणेचे पत्ते उघड विकले जायचे, ‘जादूच्या प्रयोगासाठी’ वगैरे म्हणून. त्यात लाल पाठीच्या पत्त्यांवर फिकट हिरव्या खुणा आणि सोबत लाल काचेचा चष्मा असा प्रकार असायचा. अडचण एकच, लाल चष्मा घालून पत्ते खेळायला बसलेला माणूस कुणाच्याही डोळ्यात भरतो. ती अडचण कॉन्टॅक्ट लेन्सने सोडवली, बाकी नवीन काही नाही. मऊ लेन्स १९६१ मध्ये चेकोस्लोव्हाकियात घरच्या घरी, लहान मुलांच्या मेकॅनो टाइप सेटपासून बनवलेल्या यंत्रावर ओतली गेली, १९७१ मध्ये अमेरिकेत तिला मंजुरी मिळाली, आणि १९८० च्या दशकात रंगीत मऊ लेन्स आल्यावर चष्म्याची काच डोळ्यात घालणं शक्य झालं. रंग बाहुलीपुरताच, मधोमध. काळ्याभोर डोळ्यांत तो फारसा कळत नाही, घाऱ्या-निळ्यांत कळू शकतो. घालणाऱ्यालाही मंद उजेडात सगळं अंधारलेलं दिसतं, ते जाहिरातीत लिहीत नाहीत. आणि मापाशिवाय घेतलेल्या लेन्सने बुबुळाला जखम होऊ शकते ते वेगळंच. २००५ पासून अमेरिकेत नंबर नसलेली शोभेची लेन्ससुद्धा कायद्याने वैद्यकीय उपकरणात मोडते.

त्याच्याही मागे गेलं तर टाचणीची टोचणी, दुमडलेले कोपरे, नखाचे ओरखडे. १५९४ च्या सुमाराच्या एका इटालियन चित्रात पत्त्यांचा लबाड डाव आहे, त्यात साथीदाराच्या हातमोज्याची बोटं फाटकी आहेत. खुणा बोटांना लागाव्यात म्हणून, असं म्हणतात. पत्त्यांच्या पाठी एकोणिसाव्या शतकापर्यंत बहुतेक कोऱ्याच असायच्या, मग नक्षी आली ती डाग आणि खुणा झाकायला. आणि मग त्या नक्षीतच खुणा लपायला लागल्या, एखादं पान किंचित जाड, एखादी पाकळी कमी.

२०२५ मध्ये मात्र दोन गोष्टी झाल्या. मे महिन्यात चीनमधल्या शास्त्रज्ञांनी खरोखर इन्फ्रारेड दाखवणारी लेन्स जाहीर केली, ८०० ते १,६०० नॅनोमीटरचा प्रकाश लेन्समधले नॅनोकण दिसणाऱ्या प्रकाशात बदलतात. म्हणजे जो शब्द १४ वर्षं चुकीचा होता तो एकदाचा कुठेतरी बरोबर ठरला! पण तिला समोरून जोरदार एलईडी लागतो, आणि प्रकाश लेन्समध्येच विखुरत असल्याने चित्र धूसर येतं, बारीक तपशिलासाठी वेगळा चष्मा लावावा लागतो. पत्त्यावरची खूण तिने वाचणं सध्या तरी सोडून द्या.

दुसरी गोष्ट ऑक्टोबरची. न्यूयॉर्कच्या सरकारी वकिलांनी पोकरच्या फिक्स खेळांचं आरोपपत्र दाखल केलं, त्यांच्या म्हणण्यानुसार किमान ७० लाख डॉलरची फसवणूक. त्यात एक ‘एक्स-रे टेबल’ आहे, पालथे पत्ते वाचणारं, आणि हा शब्दही पुढे ‘इन्फ्रारेड’सारखाच त्रास देणार असं दिसतंय. लेन्सही त्या यादीत आहे आणि बातम्यांचे मथळे तिनेच खाल्ले. पण आरोपपत्रातला मुख्य भार पत्ते पिसणाऱ्या मशीनवर आहे: आतून बदललेलं मशीन पिसतानाच पत्ते वाचायचं, निकाल बाहेर बसलेल्या माणसाकडे जायचा, तो टेबलावरच्या साथीदाराला फोनवर कळवायचा आणि साथीदार बाकीच्यांना इशारा करायचा. म्हणजे त्या टेबलावर पत्त्याच्या पाठीकडे कुणी बघायचीही गरज नव्हती.