रिजेक्शनची चाहूल आधी लागावी म्हणून : मायक्रोआरएनएच्या शोधाची पार्श्वभूमी

माझ्या मावशीला किडनी दिली ती माझ्या आईनं. तेव्हापासून आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या घरात क्रिएटिनिन हा शब्द दुधाच्या हिशेबाइतका रोजचा झाला. ट्रान्सप्लांटनंतर दीड वर्षानं एकदा १.२ चं १.६ झालं आणि डॉक्टरांनी बायोप्सी, म्हणजे सुईनं किडनीचा छोटा तुकडा काढून तपासणं, करायला सांगितलं. तोवर आई शांत होती. त्या रात्री मात्र तिनं विचारलं, "बाई गं, नुसत्या लघवीवरून नाही का कळत? परत सुई कशाला?" या प्रश्नाचं उत्तर शोधत मी बरीच मागे गेले, आणि पोचले मायक्रोआरएनए नावाच्या इवल्या तुकड्यांपाशी.

क्रिएटिनिनची तपासणीच मुळात जुनी. माक्स याफे या जर्मन संशोधकानं १८८६ साली दाखवलं, की अल्कधर्मी द्रावणात पिक्रिक आम्ल आणि क्रिएटिनिन एकत्र आले की नारिंगी रंग येतो. तीच क्रिया सुधारून आजही कितीतरी लॅबमध्ये वापरतात. क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंत, किडनी ते गाळून बाहेर टाकते. त्यामुळे किडनीचं काम घटलं एवढंच हा आकडा सांगतो. का घटलं, ते सांगत नाही. आणि जे सांगतो तेही उशिरा, आत बरीच पडझड झाल्यावर.

परका अवयव शरीर का नाकारतं, म्हणजे रिजेक्शन का होतं, हे कळायला दुसरं महायुद्ध यावं लागलं. भाजलेल्या रुग्णांवर दुसऱ्याची त्वचा लावताना पीटर मेडावर यांच्या लक्षात आलं, की त्याच दात्याची त्वचा दुसऱ्यांदा लावली तर ती पहिल्यापेक्षा लवकर गळते. म्हणजे शरीर ओळख लक्षात ठेवतं. १९६० चं नोबेल त्यांना मिळालं ते याच वाटेवरच्या कामासाठी. बोस्टनमध्ये २३ डिसेंबर १९५४ रोजी जोसेफ मरे यांनी रोनाल्ड हेरिकची किडनी त्याच्या भावाला, रिचर्डला बसवली आणि ती चालली. कारण दोघं एकसारखे जुळे होते, नाकारण्यासारखं परकं काही नव्हतंच. रिचर्ड पुढे आठ वर्षं जगला. जुळं भावंड नसलेल्यांसाठी मग प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं शोधावी लागली. आधी अॅझाथायोप्रिन आणि स्टेरॉइड, मग नॉर्वेतल्या मातीत सापडलेल्या बुरशीपासूनचं सायक्लोस्पोरिन, जे १९७८ पासून रॉय काल्ने यांनी रुग्णांना दिलं, आणि त्यानंतर जपानच्या मातीतल्या जिवाणूपासूनचं टॅक्रोलिमस. आपल्याकडे वेल्लोरला १९७१ साली किडनी ट्रान्सप्लांट यशस्वी झालं. गुजरातेत अहमदाबादला डॉ. एच. एल. त्रिवेदी यांनी उभी केलेली किडनी संस्था आणि नडियादचं मूळजीभाई पटेल रुग्णालय यांनी हे काम मोठ्या प्रमाणावर केलं. बडोद्याच्या पेशंटला फार लांब जावं लागत नाही, ते त्यामुळे.

खरी गोम मात्र या औषधांतच आहे. सायक्लोस्पोरिन आणि टॅक्रोलिमस किडनीला वाचवतात, आणि प्रमाण जास्त झालं तर तिलाच इजा करतात. क्रिएटिनिन वाढलं की रिजेक्शन असेल, औषधाचा त्रास असेल, किंवा बीके नावाच्या विषाणूनं डोकं वर काढलं असेल. पहिल्यात उपचार जोरदार करायचे, उरलेल्या दोन्हींत औषध कमी करायचं. एकाच आकड्यावरून दोन उलट दिशांचे निर्णय! चुकीची दिशा धरली तर आईनं दिलेली किडनी जाऊ शकते. हे कळलं तेव्हा डॉक्टर बायोप्सीवर का अडून बसतात ते मला उमगलं.

बायोप्सी वाचायची कशी यावरही एकमत नव्हतं. १९९१ साली कॅनडातल्या बॅन्फ या डोंगरातल्या गावी पॅथॉलॉजिस्ट जमले आणि त्यांनी निकष ठरवले. ते १९९३ साली छापून आले आणि बॅन्फ वर्गीकरण म्हणून जगभर रुळले. त्या निकषांप्रमाणे नमुन्यात किमान १० गाळणपुंज (रक्त गाळणारे सूक्ष्म गुच्छ) आणि २ धमन्या असाव्या लागतात. एका किडनीत असे पुंज सुमारे दहा लाख! सुई शिरली तिथलंच दिसणार. शिवाय रक्तस्रावाची धास्ती असतेच, आणि दर महिन्याला सुई कोण टोचून घेणार?

त्याच १९९३ साली, रिजेक्शनशी काहीही संबंध नसलेल्या ठिकाणी, दुसरा धागा सुरू झाला. सी. एलेगन्स हा मिलिमीटरभर लांबीचा जंत. त्याच्या वाढीचा क्रम चुकवणाऱ्या लिन-४ या जनुकाचा माग काढताना व्हिक्टर अॅम्ब्रॉस यांच्या गटाला आढळलं, की या जनुकापासून प्रथिन बनतच नाही, बनतो तो आरएनएचा, म्हणजे डीएनएसारख्याच साखळीचा, जेमतेम २२ अक्षरांचा तुकडा. गॅरी रुव्हकुन यांनी दाखवलं, की तो लिन-१४ या दुसऱ्या जनुकाच्या संदेशाला, म्हणजे संदेशवाहक आरएनएला, चिकटून त्यापासून प्रथिन बनणं रोखतो. ही जंताचीच काही खासियत असावी असं समजून फारसं कुणी लक्ष दिलं नाही. २००० साली लेट-७ हा असाच दुसरा तुकडा सापडला, तो माणसातही तसाच निघाला, आणि चित्र पालटलं. पुढच्याच वर्षी अशा तुकड्यांना मायक्रोआरएनए हे नाव पडलं. दोघांना नोबेल मिळालं ते २०२४ साली.

वैद्यकाच्या दृष्टीनं महत्त्वाचं वर्ष २००८. मायक्रोआरएनए रक्तद्रवात पेशींच्या बाहेरही टिकून राहतात, हे त्या वर्षी स्पष्ट झालं. सूक्ष्म पुटिकांत (पेशींनी सोडलेल्या इवल्या पिशव्यांत) किंवा प्रथिनांच्या आधारानं राहिल्यामुळे ते सहज तुटत नाहीत. पाठोपाठ न्यूयॉर्कमध्ये सुथांथिरन यांच्या गटानं २००९ साली ट्रान्सप्लांट केलेल्या किडनीच्या ३३ बायोप्सी तपासल्या. तीव्र रिजेक्शनमध्ये (मिर म्हणजे मायक्रोआरएनए, पुढचा त्याचा क्रमांक) मिर-१४२-५पी, मिर-१५५ आणि मिर-२२३ वाढलेले होते, मिर-३०ए-३पी, मिर-१०बी आणि लेट-७सी घटलेले. याचा अर्थ लावता येतो. मिर-१४२ आणि मिर-२२३ रक्तपेशींच्या घरातले, मिर-१५५ चिथावलेल्या प्रतिकारपेशींत वाढणारा. किडनीत ते वाढले म्हणजे बाहेरची फौज आत घुसली. जे घटले त्यांतला मिर-३०ए-३पी किडनीच्या स्वतःच्या नलिकांमधल्या पेशींत भरपूर असतो.

आणि लघवी? २०११ साली जर्मनीतल्या हानोव्हरच्या संशोधकांना तीव्र रिजेक्शन असलेल्यांच्या लघवीत मिर-२१० कमी आढळला, आणि उपचारानंतर तो पुन्हा पूर्ववत झाला. आईचा प्रश्न भाबडा नव्हता तर.

तरीही ही तपासणी बडोद्यात काय, कुठेच रोजच्या वापरात बसलेली नाही. एका गटाला सापडलेली यादी दुसऱ्याच्या यादीशी जुळत नाही, कारण पेशंट थोडे आणि पद्धती वेगळ्या. रक्ताच्या नमुन्यात तांबड्या पेशी फुटल्या तर त्यांतला मिर-४५१ सगळीकडे पसरतो. पाणी जास्त प्यायलं की लघवी पातळ, मग मोजायचं कशाच्या तुलनेत? आणि संसर्गातही प्रतिकारपेशी जागतातच. दरम्यान इतर खुणा पुढे गेल्या. २०१३ साली ४८५ पेशंटच्या ४३०० लघवीच्या नमुन्यांवर संदेशवाहक आरएनएचं काम झालं. बायोप्सीत रिजेक्शन दिसण्याच्या आधीच्या काही आठवड्यांत या आरएनएची खूण झपाट्यानं वर चढलेली होती. दात्याच्या पेशींतून रक्तात सुटणारा डीएनए मोजणं तर काही देशांत सुरूही झालं.

मावशीची बायोप्सी अखेर झाली. बारा तास तिला पाठीवर निजवून ठेवलं, आई शेजारी स्टुलावर बसून. रिजेक्शन नव्हतं. टॅक्रोलिमस जास्त होत होतं. डोस उतरवला आणि दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन १.३ वर आलं.