गोपनीयता वेगळी, पांघरूण वेगळं

धुळे असो, जळगाव असो की नंदुरबार, एखाद्या सहकाऱ्याच्या नशेच्या इंजेक्शनच्या सवयीचा विषय निघाला की डॉक्टरांत कोणीतरी हमखास म्हणतं, "आपण कसं बोलणार? गोपनीयता असते ना." लगेच दुसरा, "जाऊ दे ना भो, आपला माणूस शे." म्हणायचं दोघांना एकच असतं. दुसरा निदान सरळ बोलतो; पहिला नियमाच्या आड लपतो, म्हणून मला त्याची जास्त चीड येते.

गोपनीयता म्हणजे काय हे सांगत बसत नाही, इंटर्नलाही ते ठाऊक असतं. डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेत ती कलम ७.१४ मध्ये आहे आणि अपवादही तिथेच आहेत: न्यायालयाचा आदेश, विशिष्ट व्यक्तीला किंवा समाजाला गंभीर धोका, कळवणं बंधनकारक असलेले आजार. त्याच नियमावलीतलं १.७ मात्र कोणाला आठवत नाही. व्यवसायबंधूचं अक्षम, भ्रष्ट, अप्रामाणिक किंवा अनैतिक वर्तन डॉक्टरने भीडभाड न बाळगता उघड करावं, असं ते सांगतं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवे नियम आले, त्याच महिन्यात स्थगित झाले आणि २००२ चेच पुन्हा लागू झाले. तेव्हा "नियम बदललेत" ही सबबही नको.

मग ७.१४ कधी आणि १.७ कधी? घोळ होतो तो इथे. तो डॉक्टर आहे, मित्र आहे, आजारी आहे, यावरून हे ठरत नाही. माहिती तुमच्याकडे कोणत्या वाटेने आली, यावरून ठरतं.

ओटीतलं, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधलं, नार्कोटिक रजिस्टर उघडा; नशा आणू शकणाऱ्या औषधांचा हिशोब त्यात असतो. फेंटानिल या जबर वेदनाशामकाची दोन मिलीची अँप्युल, म्हणजे शंभर मायक्रोग्रॅम. नोंदीत सगळं पेशंटला दिलेलं, आणि पेशंट रिकव्हरीत कण्हतोय. दुसऱ्या केसमध्ये उरलेलं औषध "टाकलं" असा शेरा, पण ते टाकताना पाहणाऱ्या साक्षीदाराच्या दिवसभराच्या सह्या एकाच पेनाने, एका दमात, संध्याकाळी केलेल्या. जादा ड्युटी मागून घेणारा, केस संपली की बाथरूममध्ये जाऊन बसणारा माणूस एकच. यातला एखादा पुरावा एकटा काहीच सिद्ध करत नाही. पण हे सगळं तुम्हाला दिसलं ते सहकारी म्हणून. इथे पेशंट एकच आहे, तो कण्हणारा, आणि त्याचं कुठलंही गुपित तुम्ही फोडत नाही. गप्प बसलात तर ते पांघरूण.

आता तोच माणूस मानसोपचारतज्ज्ञाच्या ओपीडीत गेला, केसपेपर काढला आणि मन मोकळं केलं. ती गोपनीयता, आणि ती जपलीच पाहिजे, नाहीतर उपचाराला कोणी येणारच नाही. तरी तो उद्या नशेत भूल द्यायला उभा राहणार आणि सुट्टी घ्यायला तयार नाही, असं दिसलं तर ७.१४ चा अपवाद लागतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हाही दुसऱ्याला इजा टाळण्यापुरती, गरजेइतकीच माहिती देऊ देतो.

खरी पंचाईत मधल्या माणसाची, जो ना निव्वळ सहकारी, ना उपचार करणारा. "भाऊ, दोन फोर्टविन लिहून दे ना, कंबर धरलीये," असं कॉरिडॉरमध्ये कोणी म्हणालं, आणि सवय लावणारं ते वेदनाशामक इंजेक्शन तुम्ही लिहून दिलं. तपासणी नाही, कागद नाही. तो तुमचा पेशंट झालाच नाही. तुम्ही मात्र त्याचे पुरवठादार झालात. माझं स्पष्ट मत: आपल्याच विभागातल्या माणसावर उपचार करू नयेत. त्याला दुसऱ्या गावच्या डॉक्टरकडे पाठवा, म्हणजे तुम्ही कोण हा प्रश्नच उरत नाही.

ऑस्ट्रेलियाच्या कायद्यात हीच रेषा उघड आखली आहे. नशेत काम करणाऱ्याविषयी कळवणं तिथे सहव्यावसायिकावर बंधनकारक आहे. बहुतेक राज्यांत उपचार करणाऱ्या डॉक्टरवरही आहे, पण मार्च २०२० पासून त्याच्यासाठी धोक्याची कसोटी वरची ठेवली आहे.

गुपचूप राजीनामा घेऊन दुसरीकडे पाठवणं ही आपली लाडकी युक्ती. अमेरिकेतल्या एका तंत्रज्ञाबाबत हेच झालं. फेंटानिल चोरल्यावर एका रुग्णालयाने काढलं, तो दुसरीकडे लागला. फेंटानिलच्या सिरिंज स्वतःला टोचून त्यात सलाइन भरून ठेवायचा. त्यातून त्याच्या रक्तातला हिपॅटायटिस सी, म्हणजे यकृताचा संसर्ग, डझनावारी पेशंटांत पसरला. न्यू हॅम्पशायरमधल्या प्रकरणात २०१२ मध्ये पकडला गेला, २०१३ मध्ये ३९ वर्षांची शिक्षा झाली.

बाकीचे फरक किरकोळ. कळवणं म्हणजे पोलिसांत देणं नव्हे; स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याचं ६४अ कलम सेवनाच्या गुन्ह्यात संरक्षण देतं. आधी विभागप्रमुख किंवा वैद्यकीय अधीक्षक, तिथे दाद लागली नाही तर डॉक्टरसाठी महाराष्ट्र वैद्यकीय परिषद आणि नर्ससाठी परिचर्या परिषद. सिस्टरांनी डॉक्टरविषयी बोलायचं नाही, असा कुठलाही नियम नाही, हे वरिष्ठांनीही ऐकून घ्यावं.

अर्जात "नशेडी" लिहू नका. तारीख, वेळ, रजिस्टरचं पान, काय पाहिलं, तेवढंच लिहा आणि खाली सही करा. निनावी चिठ्ठ्या मला मुळीच मान्य नाहीत. त्या केराच्या टोपलीत जातात आणि ज्याच्याविषयी असतात तो सावध होतो.