'क्राय'मध्ये डोळ्यांतलं पाणी कधी आलं?

इंग्रजी माध्यमाच्या बालवाडीबाहेर जूनमध्ये पाच मिनिटं उभं राहिलं, तरी 'डोन्ट क्राय' दहा वेळा कानावर पडतं. या 'क्राय'चा अर्थ आज कोणीही रडणं असाच सांगेल. मुळात मात्र त्यात अश्रू नव्हतेच, होता तो नुसता आवाज.

१०६६मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं आणि त्यांच्या फ्रेंचमधले ढीगभर शब्द पुढे इंग्रजीत शिरले. ओरडणे या अर्थाचा 'क्रिए' त्यातलाच. फ्रेंचमध्ये तो अजून ओरडण्यापुरताच आहे; रडण्यासाठी तिथे वेगळा शब्द आहे. त्याच्याही मागे लॅटिन 'क्विरितारे', म्हणजे आक्रोश करणे. रोमन पंडित व्हॅरो याने त्याचा संबंध 'क्विरितेस', म्हणजे रोमचे नागरिक, या शब्दाशी लावला: नागरिकांना मदतीला बोलावणं, आपलं 'धावा हो धावा'. व्युत्पत्ती इतकी देखणी की संशयच यावा. तो आलाही. काही अभ्यासकांना या शब्दात डुकराचं किंचाळणं ऐकू येतं.

इंग्लंडात १२८५च्या विंचेस्टर कायद्याने चोरामागे आरडाओरडा करत धावणं गावकऱ्यांवर बंधनकारक केलं. त्याचं नाव 'ह्यू अँड क्राय'. दवंडीवाला तो 'टाउन क्रायर'. रडण्याचा अर्थ सोळाव्या शतकात चिकटला, तोही हळूहळू. १६११च्या इंग्रजी बायबलात योहानाचा अकरावा अध्याय काढून पाहा. लाजरस या मित्राच्या मृत्यूने येशू रडतो, तिथे जुना 'वीप' आहे. आठच ओव्यांनंतर तो लाजरसला मोठ्याने हाक मारून कबरीबाहेर बोलावतो, तिथे 'क्राय'. पुढे बोलण्यात 'क्राय'ने 'वीप'ला मागे सारलं. गंमत म्हणजे 'वीप'ही मूळचा गप्प नव्हता. गॉथिक या इंग्रजीच्या जुन्या नातलग भाषेतला त्याचा भाऊबंद ओरडण्याच्याच अर्थाचा आहे.

आपण हसायचं कारण नाही. 'रडणे' आलंय संस्कृत 'रट्' धातूवरून, आणि त्याचा अर्थ ओरडणे. आरडाओरड्यातला 'रड' तोच. हिंदीतलं 'रोना' मात्र 'रुद्' या दुसऱ्या धातूचं.

बाळंतिणीच्या खोलीबाहेर आजी विचारते, "बाळ रडलं का?" तेव्हा तिला ऐकायचा असतो आवाजच. पहिले काही आठवडे तान्ह्याच्या डोळ्यांतून टिपूस गळत नाही.